पुरानंतरचें तळघर

शिरूर तालुक्याच्या आग्नेय कोपऱ्यांत भीमा आणि घोड या दोन नद्या एकमेकींकडे सरकत येतात, आणि त्यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यांत भीमेच्या कांठीं मांडवगण फराटा हें गांव वसलें आहे. नदीपलीकडे दौंड तालुका लागतो. गांवाच्या वरच्या अंगाला, रांजणगांव सांडसपाशीं, पुण्याहून आलेली मुळा-मुठा भीमेस मिळते. म्हणजे पुण्याच्या पेठांना शिवून गेलेलें पाणी पुढें याच शिवाराच्या कडेनें खालीं जातें. आपण शहरांतील मंडळी पूर आला म्हणजे पुलाखालीं पाणी किती चढलें तें पाहतों. नदीकांठच्या खेडुताची पहिली दृष्टि मात्र पूर्वीं पायांखालीं जात असे, कारण त्याची वर्षाची बेगमी जमिनीच्या पोटांत असे.

आमच्या देशावर गांवाचे दोन भाग मानतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. हा भेद नुसता बोलण्यांतला नव्हे. काळी माती पाण्यानें फुगते आणि वाळतांच भेगाळते. तिच्यांत खणलेला खड्डा फार दिवस आकार धरीत नाहीं. म्हणून पेव खणावयाचें तें पांढरींत, जेथें खालीं घट्ट मुरूम लागेल तेथें, आणि त्यांतल्या त्यांत उंच जागीं. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढें. पोट मडक्यासारखें रुंद. आंतून शेणमातीनें सारवावयाचें, तळाला व कडांना कडबा किंवा भुसा द्यावयाचा, ज्वारी भरावयाची आणि तोंडावर दगड बसवून माती लिंपून टाकावयाची. आंत कोंडलेली हवा धान्याच्या व किड्यांच्या श्वासानें लवकरच विटते. तिच्यांतला प्राणवायु सरतो, कीड मरते आणि धान्य टिकतें. ज्यांना पेव नको असे ते घरांत कणग्या ठेवीत. वाड्यांतून भिंतीच्या जाडींत किंवा जमिनीखालीं बळद असे, आणि मोठ्या वाड्यांना तळघर असे. रूपें निरनिराळीं, पण हेतु एकच: वस्तु थंड, कोरडी आणि परक्याच्या नजरेआड राहावी.

ही रीति किती जुनी, याचा पुरावा मांडवगणापासून फार दूर शोधावा लागत नाहीं. त्याच पट्ट्यांत घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगांव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत तेथें उत्खनन केलें. सांकलिया, अन्सारी आणि धवलीकर या विद्वानांचीं नांवें त्या कामाशीं कायमचीं जोडलीं गेलीं आहेत. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती आणि जव हें त्यांचें मुख्य पीक होतें. शंभराहून अधिक घरांचे अवशेष तेथें उजेडांत आले. त्यांपैकीं आद्य जोर्वे काळांतील एक घर पांच खोल्यांचें असून त्याला लागूनच धान्याचें कोठार होतें. तें वस्तीच्या प्रमुखाचें असावें असें उत्खनकांचें मत आहे. कोठारांत जमिनींत खणलेलीं गोल पेवें होतीं, त्यांना चुन्याचा लेप होता, आणि शेजारीं कणग्या ठेवण्याजोगे मातीचे गोल ओटे होते. तीन हजार वर्षांनंतरही आपल्याकडील शेतकरी कणगी उंचवट्यावरच ठेवी, हें पाहिलें म्हणजे गंमत वाटते.

परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट वस्तीच्या पश्चिमेस सांपडली. दगडमातीचा सुमारें २४० मीटर लांब व २.२ मीटर रुंद असा एक बांध, आणि त्याच्या जोडीला सुमारें २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३.५ मीटर खोल असा एक पाट. पुराचें पाणी वस्तीवरून वळवावें आणि तेंच शेताच्या उपयोगीं आणावें, अशी ही योजना असावी असें अनुमान आहे. या लोकांच्या घरांत मेलेलीं लेंकरें दोन मडक्यांचीं तोंडें जुळवून घराच्याच जमिनीखालीं पुरलीं जात. ज्या जमिनीखालीं उद्यांची भाकर आणि काल गेलेलें मूल, दोन्हीं आहेत, ती जमीन नदीपासून राखावी असें त्यांस वाटलें असेल, तर त्यांत नवल तें कोणतें?

बांध मात्र सर्व पुरांना पुरत नाहीं. नदी केव्हांतरी पांढरीवर चढतेच. याचें अगदीं अलीकडचें आणि फार मोठें उदाहरण कृष्णाकांठीं घडलें. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर हें गांव आहे. तेथील पेवांत धान्य नव्हे, तर हळद सांठवीत. सांगलीच्या बाजारांत आलेली हळद भाव येईपर्यंत या पेवांत महिनेच्या महिने, कधीं वर्षानुवर्षें राही; तिचा रंग उतरत नसे आणि तिला कीड लागत नसे. कृत्रिम थंडावा न लागणारें असें गोदाम फुकट मिळालेलें म्हणावयाचें! २००५ च्या महापुरांत या पेवांत पाणी शिरलें. हळद कुजली, कित्येक पेवें आंतल्या आंत ढासळलीं, आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेला तो उद्योग बहुतांशीं जमिनीवरच्या गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला. पुढें २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां तिच्या कीर्तीचा एक आधार असलेलीं हीं पेवें थोडींच शिल्लक होतीं.

पाणी शिरलेल्या पेवाचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न मला इतिहासाच्या अभ्यासांत फार बोलका वाटतो. कारण आज पुण्यामुंबईंतल्या घरमालकासमोर, ज्यास सर्रास बेसमेंट म्हणतात त्या तळघराच्या पायरीवर उभें राहून, तोच प्रश्न येतो. आणि आपण बहुधा त्याचें उत्तर चुकीच्या टोंकाकडून देऊं लागतों. पाणी दिसलें कीं पंप लावावा, सामान ओढून काढावें, घरांतल्या सर्वांनीं बादल्या घेऊन खालीं धांवावें, ही आपली पहिली बुद्धि. पेव वापरणाऱ्याची पहिली बुद्धि थांबण्याची होती.

तिचें कारण हवा. साधें, पाणी न लागलेलें पेवसुद्धां उघडतांच त्यांत कोणी उतरत नसे. दगड बाजूला करून तें कित्येक तास तसेंच उघडें ठेवीत, मग दोरीनें पेटता कंदील आंत सोडीत. तो विझला तर आणखी थांबावयाचें. धान्याच्या श्वासानें निर्माण झालेला कर्बाम्ल वायु, ज्यास आतां कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो हवेहून जड असल्यामुळें तळाशीं बसून राहतो. भिजलेलें धान्य तर आंबतें, आणि तें आंबूं लागलें कीं या वायूचें प्रमाण किती तरी पटींनीं वाढतें. उतरलेला माणूस ओरडण्याआधींच कोसळतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो, आणि दुसऱ्याच्या मागून तिसरा. विहिरी, मैल्याच्या टांक्या आणि पेवें यांतील अपघातांची ही ठरलेली कहाणी आजही थांबलेली नाहीं.

येथें एक सूचना केली पाहिजे. जुन्या रीतींतली वाट पाहण्याची गोष्ट घ्यावी, कंदील मात्र घेऊं नये. आजच्या तळघरांत मोटारी असतात, त्यांचें पेट्रोल पाण्यावर तरंगतें. कोठें गॅसची टांकी उलटलेली असते. गटाराचें पाणी आलें असेल तर त्याच्याबरोबर कुजक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायुही येतो, आणि तो अधिक झाला कीं नाकाला त्याचा वास येईनासा होतो. तेथें ज्योत नेणें म्हणजे आगीला निमंत्रण. दारें, खिडक्या, झरोके बाहेरून उघडतां येतील तेवढे उघडावे, वारा खेळूं द्यावा, आणि एकट्यानें कधींही उतरूं नये. एक माणूस वर उभा असावा आणि खालचा पडला तर त्यानें उडी न घालतां मदत बोलवावी, हें आधींच ठरलेलें असावें. तेलावर चालणारा पंप तळघरांत उतरवूं नये, हेंही याच सदरांत येतें. त्याच्या धुरांतला वायु वासरहित आणि प्राणघातक असतो. यंत्र बाहेर उघड्यावर ठेवून नळीच तेवढी आंत सोडावी.

पेवाच्या काळांत नसलेला एक शत्रु आपण स्वतःच घरांत आणला आहे, तो म्हणजे वीज. २५ जुलै २०२४ रोजीं पुण्यांत मुठेला पूर आला, तेव्हां डेक्कन जिमखान्याजवळच्या पुलाची वाडी येथें आपलें सामान हलवूं पाहणारे तीन तरुण विजेच्या धक्क्यानें मृत्यु पावले. आजच्या इमारतींत मीटर आणि मुख्य कळ हीं बहुधा सर्वांत खालच्या मजल्यावरच असतात. म्हणजे वीज तोडण्यासाठीं जेथें जावयाचें तेथेंच पाणी. अशा वेळीं पाण्यांत उभें राहून कळ दाबण्याचें धाडस करूं नये. वीजमंडळीच्या माणसाकडून बाहेरूनच पुरवठा बंद करवावा, आणि पाणी ओसरल्यावरही भिजलेलीं यंत्रें जाणत्यानें तपासल्यावांचून चालूं करूं नयेत.

हवा आणि वीज यांच्यानंतर भिंत. या बाबतींत पुण्यानें १९६१ सालीं जो अनुभव घेतला तो विसरण्यासारखा नाहीं. १२ जुलैच्या सकाळीं आंबी नदीवरचें, अद्याप पुरतें न झालेलें पानशेतचें धरण फुटलें. आदल्या रात्रभर लष्कराचे जवान वाळूचीं पोतीं रचून तें सांवरण्याची शिकस्त करीत होते. दुपारीं खडकवासल्याचें एकोणिसाव्या शतकांतील दगडी धरणही गेलें, आणि मुठेच्या कांठच्या शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार वगैरे पेठांतून पाणी घुसलें. किती माणसें गेलीं याविषयीं अद्याप एकमत नाहीं. पाणी रात्रीपर्यंत बरेंचसें उतरलें, पण वाड्यांचें संकट त्याबरोबर उतरलें नाहीं. जुन्या वाड्याचा पाया दगडाचा, सांगाडा सागाचा आणि वरची भिंत कच्च्या विटांची किंवा पांढऱ्या मातीची असे. अशी भिंत भिजली म्हणजे उभी दिसते, पण तिच्यांतला जोर गेलेला असतो. बाहेर आधार देणारें पाणी होतें तोंवर ती टिकते. तें हटतांच फुगते, पोट काढते आणि बसते. म्हणून पूर गेल्यावर घरांत शिरण्याची घाई ही पुराइतकीच घातक होते.

तळघराची भिंत विटांची असो कीं सिमेंटची, तिची गोष्ट याच जातीची, फक्त उलट बाजूची. बाहेरची जमीन पाण्यानें तुडुंब भिजलेली असते आणि तिचा दाब भिंतीवर आंतल्या दिशेनें पडत असतो. आंत साचलेलें पाणी नकोसें असलें तरी तेवढ्यापुरतें तेंच भिंतीला आंतून टेका देत असतें. मोठा पंप लावून तें दोन तासांत उपसलें कीं टेका गेला. भिंत आंत येते, किंवा खालची फरशी उचलली जाते. त्यासाठीं बाहेरचें पाणी जमिनीवरून पुरतें ओसरल्याशिवाय उपसा सुरू करूं नये. मग पहिल्या दिवशीं हात-दीड हात पाणी काढून भिंतीवर खूण करावी आणि रात्रभर थांबावें. सकाळीं पाणी खुणेच्या वर आलें असेल तर जमीन अजून भरलेली आहे असें समजावें आणि उपसा थांबवावा. नाहीं तर रोज सुमारें तिसरा हिस्सा याप्रमाणें तीन-चार दिवसांत तळघर रिकामें करावें. काळ्या जमिनीवर बांधलेल्या घरांस हा सबुरीचा नियम अधिकच लागू पडतो.

या सक्तीच्या सुटींत करण्याजोगें एक काम आहे. पाण्याची रेषा भिंतीवर दिसत असतांनाच छायाचित्रें घ्यावींत, बिघडलेल्या वस्तूंची यादी करावी, आणि विमा असेल तर कंपनीला व सरकारी पंचनामा होणार असेल तर तलाठ्याला तें सर्व दाखवावें. घर झाडून लख्ख केल्यावर आलेल्या पंचाला नुकसान दाखवणें म्हणजे जेवण झाल्यावर पाहुण्याला भूक दाखवण्यासारखें आहे.

गाळ मात्र वाट पाहत नाहीं. पाणी निघतांच, तो ओला आहे तोंवर, फावड्यानें काढावा. वाळला म्हणजे तो भिंतीशीं एकजीव होतो आणि त्याची धूळ छातींत जाते. बूट आणि हातमोजे घातल्यावांचून त्यांत पाय घालूं नये. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या जलप्रलयानंतर शहरांत लेप्टोस्पायरोसिस या तापाची मोठी सांथ आली. उंदरांच्या मुत्रानें दूषित झालेलें पाणी पायाच्या लहानशा जखमेंतूनही शरीरांत शिरतें. गाळ उपसल्यावर ताप आला तर अंगदुखी म्हणून घरगुती काढ्यावर न राहतां वैद्याला गाळाची हकीकत सांगावी.

धुण्यासाठीं स्वच्छ पाणी हवें, आणि येथें पुण्याच्या पुराची क्रूर थट्टा आठवते. शहराचे नळ ज्या खडकवासल्याच्या जलाशयावर चालत, तोच त्या दिवशीं रिकामा झाला. घरें चिखलानें भरलेलीं आणि नळ कोरडे. आजच्या सोसायट्यांत ही अडचण दुसऱ्या रूपानें येते. आमच्याकडे तळघर थोड्यांकडे असतें, पण जमिनीखालची पाण्याची टांकी जवळजवळ प्रत्येकाकडे असते, आणि ती बहुधा गटाराच्या शेजारींच असते. पुराचें पाणी तिच्या झांकणावरून गेलें असेल तर आंतलें पाणी कितीही निवळ दिसो, तें पिऊं नये. टांकी पूर्ण रिकामी करून घांसावी, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें भरून कांहीं तास तशीच ठेवावी, तें पाणी सोडून द्यावें आणि मगच पुन्हा भरावी. टांकींत उतरणाऱ्यास हवेचा नियम पेवाइतकाच लागू आहे.

आतां सामान. धान्य, पीठ, औषधें यांचा मोह धरूं नये. ज्यांस पुराचें पाणी लागलें तीं टाकावींत. कागदपत्रांच्या बाबतींत मात्र निराश होण्याचें कारण नाहीं. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत आर्नो नदीचा पूर शिरला. तेथील राष्ट्रीय ग्रंथालय नदीच्या अगदीं कांठावर, आणि त्याचे पुष्कळसे संग्रह तळघरांत व तळमजल्यावर. घरें तापविण्यासाठीं तळघरांत सांठविलेलें तेल चिखलांत मिसळलें आणि दहा लाखांहून अधिक ग्रंथ व कागद त्यांत बुडाले. देशोदेशींचे तरुण धांवून आले. हारीनें उभे राहून त्यांनीं हातोहात पुस्तकें वर काढलीं. तंबाखू वाळविण्याच्या भट्ट्यांतसुद्धां पुस्तकें वाळविलीं गेलीं. पुस्तकें वांचविण्याच्या शास्त्रांतील पुष्कळसें ज्ञान त्या चिखलांतून निघालें आहे. त्यांतलें घरगुती उपयोगाचें एवढेंच कीं, चिकटलेलीं पानें ओढून सोडवूं नयेत, पुस्तक उन्हांत घालूं नये, सावलींत वाऱ्यावर ठेवावें आणि मधून मधून टीपकागद घालावा. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. कागद फार असतील आणि तेवढ्या वेळांत वाळणार नसतील तर ते पिशव्यांत घालून बर्फाच्या कपाटांत गोठवावे. म्हणजे बुरशी थांबते आणि पुढें सवडीनें एकेक वाळवितां येतो. आजोबांचीं खरेदीखतें आणि आजीच्या हातचीं पत्रें बहुधा ट्रंकेंत, आणि ट्रंक बहुधा सर्वांत खालीं असते, म्हणून हें सांगितलें.

राहिली भिंतीची कोरड. ही सर्वांत सावकाश होणारी गोष्ट, आणि येथेंच घरमालकाचा धीर सुटतो. महिन्याभरांत गिलावा करून, वर तैलरंग देऊन तळघर पूर्ववत्‌ केलें कीं त्याला समाधान वाटतें; पण आंतली ओल कोंडली जाते आणि पुढच्या श्रावणांत रंगाचे फोड उठतात. फुगलेला गिलावा खरवडून काढावा, भिंत उघडी ठेवावी, वारा द्यावा. भट्टी किंवा शेगडी लावून एकाएकीं तापवूं नये, विशेषतः मातीच्या भिंतीला, कारण ती तडकते. मग ताज्या चुन्याची सफेदी द्यावी. चुना तीक्ष्ण असल्यामुळें बुरशी मारतो आणि भिंतीला श्वास घेऊं देतो. इनामगांवच्या पेवांना चुन्याचा लेप देणाऱ्यानें तो याच हेतूनें दिला कीं नाहीं हें कोणी सांगूं शकणार नाहीं, परंतु त्याची निवड चुकीची नव्हती.

भिंत वाळली कीं नाहीं हें पाहण्याची एक सोपी रीति आहे. हातभर चौरस असा मेणकापडाचा तुकडा चारी बाजूंनीं चिकटपट्टीनें भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशीं सोडवून त्याची आंतली बाजू पाहावी. तिच्यावर दंव दिसलें तर आणखी पंधरा दिवस थांबावें, आणि कणगी, ट्रंक किंवा मोटार यांपैकीं कांहींही तोंवर खालीं नेऊं नये.